दोन प्लग

दीपचंदशेठनी फळी उलटी केली, बोटाने ठोकली, कान लावला आणि परत सुलटी केली.

"आत काय हाय?"

"फोम," रूपल म्हणाली. "बॉडीबोर्ड आहे तो, पप्पा. याच्यावर पालथं पडायचं आणि लाटेबरोबर किनाऱ्याला यायचं."

"कंपनी म्हनती फोम. तू पाह्यलं का?"

आष्टीच्या बाजारातलं त्यांचं अडत दुकान तुरीच्या पोत्यांनी भरलं होतं, आणि त्यात ही कंबरेएवढी निळी फळी आली होती. रविवारी रूपलला मैत्रिणींबरोबर मालवणला जायचं होतं. शेठनी अजून हो म्हटलं नव्हतं आणि नाहीही म्हटलं नव्हतं. 'दोरी बांधलेली असते, काही होत नाही,' हे तिने तीन दिवस त्यांच्यापुढे घोकलं होतं, आणि त्या दोरीवरच त्यांचं मन अर्धं वळलं होतं. एकुलती एक लेक. समुद्र त्यांनी फक्त मोबाइलवर पाहिला होता, आणि तिथंही तो त्यांना भरवशाचा वाटला नव्हता.

आज पार्सल उघडल्यावर कळलं, की दोरी अडकवायला फळीला जागाच नाही. भोक आपणच पाडायचं आणि त्यात प्लास्टिकचा प्लग बसवायचा.

"नव्या मालाला भोक आपन पाडायचं?" शेठनी कचरूकडे पाहिलं. "सेकंडचा माल दिसतो."

कचरू पंचवीस वर्षं या दुकानात हमाली करत होता. शेठना असं काही वाटलं की मान हलवायची, एवढं त्याला माहीत होतं. त्याने मान हलवली.

रूपलने फळीच्या पुढच्या टोकाजवळ पेनने फुली मारली. "भोक इथं पाडायचं, कचरूकाका. आत मधोमध काठी आहे, ती सोडून. आणि काठाजवळ तर बिलकुल नको, फाटेल." एवढं सांगून ती शेजारच्या हार्डवेअरवाल्याकडे ड्रिल मागायला गेली.

ती परत आली तेव्हा शेठच्या हातात परखी होती, पोत्यात खुपसून मूठभर दाणे बाहेर काढायची ती टोकदार पोकळ नळी. फळीला एक आरपार भोक पडलेलं होतं, काठापासून चार बोटांवर. शेठ तळहातावरचा पांढरा चुरा चिमटीत चुरगाळून बघत होते. त्यांनी तो हुंगलासुद्धा.

"फोमच हाय," ते म्हणाले. त्यांची जरा निराशाच झाली होती.

"पप्पा, फुली इथं होती."

"म्हनूनच. समोरचा दाखवतो तिथून नमुना घेत न्हाईत."

रूपल पोत्यावर बसली. तिला रडू येत होतं आणि हसूही येत होतं, आणि बापासमोर दोन्ही करायचं नव्हतं. कचरूने ड्रिल घेतलं आणि फुलीवर आरपार भोक पाडलं.

पाकिटात दोन प्लग निघाले, एक आखूड, एक लांब. प्रत्येकाचे दोन तुकडे, एक वरून घालायचा, एक खालून, आत दोघांचे आटे एकमेकांत फिरवायचे.

"आखूडच लाव," शेठ म्हणाले. "लांब बाहेर येऊन टोचन."

कचरूने आखूड फिरवून पाहिला. "शेठ, दोनच आटे धरल्यात. जल्दी निघन हे." मग त्याने लांब घातला आणि रुपयाच्या नाण्याने पिळत नेला. तो सात फेरे फिरला आणि फळीला चपखल बसला.

"मंग आखूड कशाला दिला त्यांनी?"

"पातळ फळीला असतो, पप्पा."

"का दुसरं भोक पडनार, हे ठावं व्हतं त्यायला," कचरू कुणाकडेच न बघता म्हणाला. त्याने आखूड प्लग शेठनी पाडलेल्या भोकात बसवला आणि कडेने सोल्यूशन भरलं.

पण लांब प्लग चपखल बसला म्हणून शेठ थोडेच मानणार. फळी पोत्यांच्या दोन थप्प्यांवर पालथी आडवी टाकली. प्लगला अडकवलेली पिळाची दोरी खाली सोडली, आणि तिच्या टोकाचा पट्टा तुरीच्या पोत्याच्या मानेला आवळला. पन्नास किलोचं पोतं. रूपलचं वजन अठ्ठेचाळीस. कचरूने पोत्याखालचा हात काढला. दोरीचे पीळ ताणून सरळ झाले, फळी कुरकुरली, आणि पोतं अधांतरी राहिलं. शेठनी वर वाकून प्लग पाहिला, खाली बसून प्लग पाहिला. मग दोन्ही हातांनी पोत्याला धरून स्वतःचा भार दिला. प्लग हलला नाही.

"बराबर," ते म्हणाले. तीन दिवसांत पहिल्यांदाच त्यांचा आवाज मोकळा लागला. "आता हा पट्टा तुझ्या दंडाला. आन दुसरं टोक किनाऱ्यावर कोन धरतं? मानूस भरवशाचा हाय का?"

रूपलला आधी प्रश्नच कळला नाही. कळला तेव्हा तिने कचरूकडे पाहिलं, आणि तो दुसरीकडे बघू लागला.

"किनाऱ्यावर कुणी नसतं, पप्पा. दुसरं टोक या प्लगलाच. फळी लांब जाऊ नये म्हणून दोरी असते."

"आन फळी कशाला बांधत्यात?"

खोटं बोलायचं तर हीच वेळ होती.

"कशालाच नाही."

पोतं अजून हळूहळू फिरत होतं. शेठनी ते हाताने थांबवलं. ते घाबरले होते, आणि ते त्यांना लपवता आलं नाही.

"कचरू, पोतं उतरव."

पोतं खाली आलं. शेठनी त्याच्या मानेचा पट्टा सोडवला, त्याला चिकटलेली धूळ धोतराला पुसली, आणि तो लेकीच्या दंडाभोवती गुंडाळून आवळला. मग आत बोट शिरतं का ते पाहिलं. शिरलं. त्यांनी पट्टा सोडला आणि पुन्हा आवळला.