डोंगराआडचं भारूड

हौसाबाई पत्र्यावर चढली, तेव्हा दिवसभराचं खुरपणं तिच्या पाठीत ठणकत होतं. खाली खाटेवर तिचा नवरा गेणू पडून होता. अर्धांगवायूनं त्याची उजवी बाजू गेली होती, वाचाही गेली होती. एके काळी त्याचं भारूड ऐकायला पंचक्रोशी लोटायची. त्याच्या भारुडाचं एक जुनं चित्रीकरण आज संध्याकाळी टीव्हीवर लागणार होतं. पण समोरचा डोंगर सिग्नल अडवायचा आणि चित्राचे चौकोन होऊन ते थिजायचं.

"चित्र आलं की काठीनं पत्रा बडवा," असं गेणूला बजावून तिनं अँटेना कळकाच्या टोकाला बांधली आणि कळक खिंडीच्या दिशेनं हळूहळू फिरवला.

"आवं, दिसतंय का?"

वाऱ्यानं पत्रे एवढे थडथडत होते की टीव्हीचा आवाज वर पोचेना. काठीही वाजेना. तिनं कळक आणखी वर सरकवला, पुन्हा फिरवला. हात भरून आले. शेवटी कळक तसाच बांधून ती उतरली.

"काठी मारायची, तेवढंबी होईना का तुम्हाला?" म्हणत ती आत आली आणि थबकली. चित्र लख्ख होतं. पडद्यावरचा तरणा गेणू गिरकी घेऊन गात होता. खाटेवरच्या गेणूला काठीचं भानच नव्हतं.

ती खाटेला टेकून खाली बसली. दुसरं कडवं यायच्या आत तिची मान गादीवर कलली.

गेणूनं तिच्याकडे पाहिलं. मग डाव्या हातानं रिमोट चाचपला आणि आपल्या गाण्याचा आवाज पुरता बंद केला.