तिसऱ्या खिडकीतला केक

न्यूयॉर्कच्या त्या खाणावळीत वाढपी नव्हतेच. भिंतभर काचेच्या छोट्या खिडक्या होत्या. फटीत नाणं टाकलं की झडप उघडायची आणि गिऱ्हाईक आपली बशी उचलून न्यायचं. भिंतीमागे उभं राहून केक कापायचे आणि रिकाम्या खिडक्या भरायच्या, हे असुंताचं काम. बावीस वर्षांत तिनं गिऱ्हाइकांचे चेहरे पाहिले नाहीत, पाहिले ते फक्त हात.

नोकरीच्या शेवटच्या दिवशी मुकादमानं मोठ्या मनानं तिला अर्धा तास आधी सोडलं. सुजलेले पाय ओढत ती पहिल्यांदाच पुढच्या दारानं आत आली आणि कॉफी घेऊन बसली. बाराच्या ठोक्याला एक म्हातारा समोरच्या खुर्चीवर टेकला. बशी ठेवणाऱ्या हाताची करंगळी वाकडी होती. असुंतानं तो हात लगेच ओळखला. तिसरी खिडकी, नारळाचा केक, आणि दरवर्षी थोडी आणखी विरत गेलेली बाही.

"इथलं मला हेच आवडतं, बाई," तो खाता खाता म्हणाला. "सगळा यंत्राचा कारभार! वाढायला माणूस असता, तर माझा हा कोट बघून हात आखडता घेतला असता त्यानं. यंत्राला कुठे कोट दिसतो? उलट माझा तुकडा कायम इतरांपेक्षा मोठा येतो. नशीब, दुसरं काय!"

असुंतानं उरलेली कॉफी संपवली, हातमोजे चढवले आणि टेबलाचा आधार घेत उठली.

"उद्यापासून लहान येईल हो," ती म्हणाली. "सोबत पाव घेत जा."