रविवारचं वजन

“माल काटाकडे देखस नही, पोरी,” आबा म्हणाले. मोहिनीने वळवलेली मान सरळ केली आणि श्वास रोखून उभी राहिली.

रविवारी पारोळ्याच्या धान्य बाजारात शुकशुकाट असतो. कोपऱ्यातल्या शेडमध्ये घड्याळासारख्या तबकडीचा एक जुना काटा होता. चढणाऱ्याची तबकडीकडे पाठ. वळून पाहिलं की अंग हलतं आणि वजन खोटं येतं, असा आबांचा नियम. आबा म्हणजे तिचे वडील, शालिग्राम मापाडी, तीस वर्षं शेतकऱ्यांचा माल तोलत आले होते. गावातला माणूस सख्ख्या भावावर संशय घेईल, पण शालिग्रामच्या तोलावर नाही.

“छप्पन,” आबा म्हणाले.

मोहिनीचा चेहरा उतरला. गेल्या रविवारी छप्पन, त्याच्या आधी छप्पन. जानेवारीच्या पहिल्या रविवारी सुरुवात झाली तेव्हाही छप्पनच. तिने वहीत आकडा लिहिला. पूर्वी आबा स्वतः लिहायचे, हल्ली वही तिच्याच हातात देत.

रग्बीच्या जिल्हा संघाची निवड मार्चअखेर धुळ्याला होती. मोहिनी सगळ्यात पुढच्या फळीत खेळायची, जिथे समोरच्या पोरींना खांद्याने रेटायचं असतं. प्रशिक्षक हेमराज सरांनी स्पष्ट सांगितलं होतं, की साठ किलोच्या आतली पोरगी त्या जागी उभी करणार नाही, मान मोडेल. शिवाय वजन नुसतं वाढून उपयोग नाही, ते दंडा-मांड्यांत दिसलं पाहिजे, पोटावर नाही. दर आठवड्याला एकाच काट्यावर, एकाच वेळी वजन करा, दहा काटे धुंडाळू नका, हेही त्यांचंच. मोहिनीला तर तिच्या आबांच्या काट्याशिवाय दुसरा काटा माहीतच नव्हता.

तिच्या आईच्या, सुनंदाबाईंच्या मते रग्बी म्हणजे अंड्यासारख्या चेंडूसाठी शिकल्यासवरल्या पोरींनी केलेली झोंबाझोंबी. पण लेकीच्या ताटात त्यांनी कधी हात आखडला नाही. कळण्याच्या भाकरी, मूठ मूठ शेंगदाणे, केळी, दूध. सोवळं गुंडाळून ठेवून अंडीसुद्धा उकडली, फक्त पातेलं वेगळं ठेवलं. मोहिनी पहाटे किल्ल्यामागच्या मैदानावर धावायची, संध्याकाळी वाळूची पोती उचलायची. शाळेच्या सदऱ्याच्या बाह्या दंडावर करकचून बसू लागल्या, तेव्हा कापड आटलं म्हणून तिने आईशी भांडण काढलं.

आणि रविवारी पुन्हा छप्पन.

एकदा ती काट्यावरच रडली. आबा गडबडले. “थांब, थांब,” म्हणत तबकडीला नाक लावून उभे राहिले आणि म्हणाले, “सव्वाछप्पन शे.” त्या पावाने तिला आठवडाभर तारलं.

परत येताना आबा तिच्या खांद्यावर हात ठेवून चालायचे. जन्मात कधी लाड न केलेला हा माणूस. मोहिनीला ते इतकं आवडायचं, की सायकल घरी ठेवून ती मुद्दाम पायी यायची.

निवडीच्या दिवशी ती धुळ्याला गेली ती रिकाम्या हाताने परत येण्याच्या तयारीनेच. सरांनी चरबी मोजायच्या चिमट्याने दंड, पाठ, पोट मोजलं आणि तिला वजनाच्या यंत्रावर उभं केलं. आकडा समोरच होता. साडेसाठ.

यंत्र बिघडलंय, असं मोहिनीच म्हणाली. सरांनी तिला उतरवून पुन्हा चढवलं. साडेसाठ. चरबी उलट कमी झाली होती, जे वाढलं ते सगळं अंगातलं बळ. संघात तिचं नाव दुसरं लागलं.

धुळ्याहून येणाऱ्या बसमध्ये तिला उमगलं. आबांनी मुद्दाम कमी सांगितलं होतं. जवळ पोचलोय म्हटल्यावर पोरगी सुस्तावेल, हे त्यांनी ओळखलं असणार. उभ्या जन्मात पावशेराचं खोटं न बोललेला माणूस लेकीसाठी दर रविवारी खोटं बोलला. मोहिनीचे डोळे भरून आले. शेजारच्या बाईने तिला मळमळतंय असं समजून खिडकीची जागा दिली.

घरी येऊन तिने आकडा सांगितला. आबांनी तो दोनदा विचारून घेतला.

“साठ? वर अर्धा?”

“तुम्हाला माहीत होतं, आबा. मुद्दाम कमी सांगत होते ना?”

आबांनी चाचपडत तिचा दंड हातात धरून दाबून पाहिला.

“साठ व्हयनं ना? मंग बस.”

एवढंच. मोहिनीने त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. इतकी माया हा माणूस कुठे दडवून ठेवतो, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सोमवार. शाळेमुळे कामाच्या दिवशी ती बाजारात कधी फिरकत नसे. आज पेढे घेऊन गेली. मक्याच्या ढिगाऱ्यांमध्ये काट्यापाशी आबांच्या जागेवर योगराज होता, त्यांच्या हाताखाली शिकलेला. आबा कुठेत, असं तिने विचारलं. मागे पोती शिवताहेत, असं त्याने सांगितलं. आज मापाड्याला पोती शिवायची हौस आली असेल, असं म्हणून मोहिनी हसली. कोणाला तरी सांगितल्याशिवाय तिला राहवत नव्हतं. पेढा त्याच्या हातावर ठेवत ती म्हणाली, “योगराजभाऊ, आबांनी जन्मात एकदाच खोटं तोललं, ते माझ्यासाठी. काल परवापर्यंत मला छप्पनच सांगत होते.”

योगराजचा हात तोंडापाशी थांबला.

“तुले सांगं नही का त्यास्नी?” तो हळूच म्हणाला. “आबास्नी तं संक्रांतलेच काटा सोडी दिधा. म्हने, माले आकडा दिखत नही, मंग लोकेस्ना माल कसा तोलू?”