मुकं बटण

बटण दाबलं की काहीच होत नव्हतं. लाल अक्षरांत एरर आली असती तरी परवडलं असतं, निदान कुठं माशी शिंकली ते तरी कळलं असतं. सोनलनं लॅपटॉपवरच्या फॉर्ममधलं ‘नोंद करा’ पुन्हा पुन्हा दाबून पाहिलं. बटण आपलं ढिम्म.

नारायणगावजवळच्या या नर्सरीवाल्यांच्या घरात ती नुकतीच सून म्हणून आली होती. टोमॅटोच्या रोपांचं बुकिंग कॉम्प्युटरवर घेऊ, हे तिनंच सासऱ्यांना सुचवलं. दादाभाऊ इतके हुरळले, की सुनेनं प्रोग्रॅम बनवलाय, बघायला या, असं चार शेतकऱ्यांना सांगून मोकळे. ती मंडळी दुपारी येणार होती. नव्या सुनेची पहिलीच परीक्षा, आणि तीही चारचौघांत.

“आरती... अगं ए आरती!”

सोनल कोडमध्ये डोकं खुपसून बसली होती.

शेवटी सासूबाई, लंकाबाई, शेडनेटमधून उठून दारात आल्या. हात कोकोपीटच्या, नारळाच्या भुशानं माखलेले. “हाका मारून मारून घसा बसला माझा! रोजचंच झालंय तुझं. आमी येवढं वाईट हाय का गं, का बोलूसुदिक वाटत न्हाई?”

सोनल दचकून उठली. आरती हे नाव लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं लिहून तिला दिलेलं. तेव्हा सगळे हसले, तीही हसली. पण जन्मभर सोनल ऐकलेल्या कानांना ते अजून शेजारच्याच कुणाचं तरी वाटे. त्यात लंकाबाई मनानं चांगल्या. त्यांना आपण उर्मट वाटतो, याचं तिला फार वाईट वाटायचं.

“आत्या, ऐकू आलं हो. पण खरं सांगू? मलाच हाक मारलीत, असं वाटलंच नाही.”

बोलता बोलता ती थांबली. बटणाकडं बघू लागली. मग खाली बसून तिनं घाईघाईनं कोड उघडला.

तेच होतं. फॉर्म बनवायच्या सॉफ्टवेअरनं बटणाला आपोआप दिलेलं ‘बटण एक’ हे नाव तिला ओबडधोबड वाटलं, म्हणून काल तिनं ते बदलून ‘नोंद’ केलं होतं. आतला कोड मात्र अजून ‘बटण एक’च्याच नावावर होता. तिनं तिथलंही नाव बदललं आणि बटण दाबलं. नोंद झाली. सोनलनं टाळीच वाजवली.

“काय झालं गं?” राग विसरून लंकाबाई स्क्रीनवर वाकल्या.

“याचं बारसं मी वरच्यावर उरकलं, आत्या. आत कळवायचंच राहिलं होतं.”

लंकाबाई हसल्या.

“माझं माहेरचं नाव रत्ना व्हतं,” त्या म्हणाल्या. “हितं थोरल्या जाऊबाई रत्नाच. येका घरात दोन रत्ना कशा चालायच्या? मग केली माझी लंका. आई गेली, तवापासनं रत्ना म्हणणारं कुणी ऱ्हायलं न्हाई.” आणि पदर खोचून निघाल्या. “जाते बाई, बी टाकायचं पडलंय.”

सोनल त्यांच्या पाठीकडं बघत राहिली. त्या शेडनेटमध्ये दिसेनाशा झाल्या, तेव्हा तिला काय वाटलं कोण जाणे, दारातूनच तिनं हाक मारली.

“रत्ना! ए रत्ना!”

“ओऽऽ!”

पलीकडून लगोलग आवाज आला. मग एकदम सामसूम. सोनलनं जीभ चावली. सासूला नावानं हाक, तीही एकेरी! ती तशीच धावत शेडनेटमध्ये गेली.

लंकाबाई ट्रेपुढं बसल्या होत्या. चिमटीतलं बी चिमटीतच होतं.

“चुकले आत्या, मी आपलं...”

“गप,” लंकाबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते आणि हसू आवरत नव्हतं. “आजून येकदा मार की हाक.”