खाली ठेवलेला पेला

"आता मागणार बघ!" पडद्याआड आई माझ्या कानाशी कुजबुजली होती. मी तेव्हा अठरा वर्षांची. तो आवाज अजून कानात आहे.

अरब मुलखातल्या करकच्या माळावर, आमच्या भटक्या टोळीच्या तंबूत लायनेल नावाचा परदेशी बातमीदार आला होता. त्यानं बाबांना विचारलं, "लग्न ठरवताना मुलीला विचारता का?" आणि वही उघडायला कॉफीचा भरला पेला न पिताच खाली ठेवला. सगळा तंबू चिडीचूप. चुलीवरची कॉफीसुद्धा जणू उकळायची थांबली.

तीस वर्षांनी लायनेल परत आला, त्या दिवसावर त्यानं लिहिलेली बातमी चौकटीत बसवून. माझ्या लेकीनं वाचली, "प्रश्न ऐकताच तंबूत भीती पसरली."

बाबा पोट धरून हसले. "भीती कसली रे? भरला पेला खाली ठेवणारा पाहुणा आमच्यात मुलगी मागायला आलेला असतो! तुला न दुखावता नाही कसं म्हणावं, तेच सुचेना मला."

लायनेल कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला. माझा नवरा हसून हसून आडवा पडला.

मी कॉफी ओतता ओतता म्हटलं, "बाबा, तुम्हा दोघांपैकी एकानं तरी मला विचारायचं होतं की! मी पडद्याआड ‘हो’ घेऊनच बसले होते."