सुक्या मिरच्या

पहिल्याच घासाला म्हाताऱ्या लियाव आचाऱ्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. तैपेईत त्यानं घडवलेली आंबट-तिखट कोंबडी न्यूयॉर्कच्या या हॉटेलातल्या पठ्ठ्यानं चक्क साखरेच्या पाकात घोळवली होती. तरी दाराबाहेर ही भली मोठी रांग.

"पदार्थ माझा, नाव याचं," तो खाता खाता बायकोपाशी धुसफुसला. "आणि याच शहरातल्या माझ्या हॉटेलात गिऱ्हाईक म्हणतं, तुमची कोंबडी नकली."

तेवढ्यात तो पठ्ठ्याच भटारखान्यातून आला आणि कमरेत वाकला. "वस्ताद, तैपेईत तुमच्याकडे एकदाच जेवलो होतो. ती चव काही साधेना, म्हणून साखर घातली. कशी झालीय?"

"पोरासोरांचं खाणं," लियाव फणकारला.

बायकोनं त्याच्या ताटलीकडे पाहिलं. सुक्या मिरच्या तेवढ्या उरल्या होत्या.

"मग आणखी एक प्लेट आणा," ती म्हणाली, "आमच्या या पोराला."