दहा-अकराचा पाना

एक पाना कमी होता. द्वारकानं पाटावरची हत्यारं पुन्हा पहिल्यापासून मोजली, तरी कमीच होता.

खंडेनवमीचा दिवस. चिकलठाण्याच्या शेडमध्ये सगळी हत्यारं घासूनपुसून पूजेला मांडलेली, त्यांच्यावर झेंडूची फुलं, आणि मागं उभं ते दोन माणसांचं विमान. कुठून विकत आणलेलं नव्हे, इथंच कागदावरच्या पहिल्या रेघेपासून घडवलेलं. उद्या दसऱ्याला शेडचे मालक आप्पासाहेब ते स्वतः पहिल्यांदा उडवणार होते. सीमोल्लंघन पायीच करावं असा काय कायदा आहे, म्हणत त्यांनी हा मुहूर्त धरला होता. ते उड्डाण बघायला दिल्लीचे साहेबलोक रात्रीच येऊन हॉटेलात उतरले होते.

द्वारका फुलंब्रीची. विमानाचं इंजिनिअरिंग शिकली आणि थेट या शेडमध्ये लागली. तिचे वडील रामकिसन यांनी लगेच गावभर सांगून टाकलं की, आपली पोरगी इमानं बनवती. आता खरं सांगायचं तर पोरगी चार महिने हत्यारं मोजत होती. सकाळी देताना मोजायची, संध्याकाळी घेताना मोजायची. भिंतीवरच्या फळीवर प्रत्येक हत्याराचा आकार रंगवलेला, ज्याचं त्यानं तिथंच टांगायचं. बन्सी मिस्त्रीच्या हत्यारांना हिरवी पट्टी, तिच्या हत्यारांना लाल. आप्पासाहेबांची पिवळ्या पट्टीची हत्यारं मात्र त्यांच्या स्वतःच्या पेटीत असत. मालकाची पेटी मोजायची कुणाची टाप आहे! आप्पासाहेब तिला ‘पोरी’ म्हणत, आणि पोरीला या मोजणीचा मनापासून वैताग आला होता.

चार दिवसांपूर्वी मात्र तिला पहिलं खरं काम मिळालं. डाव्या पंखात कोपरापर्यंत हात घालून तिनं एक नट आवळला. तिच्या मागून आप्पासाहेबांनी हात घालून, पाना लावून तो तपासला आणि नुसती मान डोलावली. त्या मान डोलावण्यावर तिनं रात्री दोन भाकरी जास्त खाल्ल्या. मग पंखावर कापड ताणून बसवायची गडबड सुरू झाली. आप्पासाहेबच म्हणाले, राहू दे मोजणी, आता पूजेलाच मोजू.

आणि आज तिचा लाल पट्टीचा दहा-अकराचा पाना नव्हता. नट आवळल्याचं तिला लख्ख आठवत होतं. पाना कुठं ठेवला, ते काही केल्या आठवेना.

झाकली मूठ सव्वा लाखाची, हे तिला कळत नव्हतं असं नाही. बोलली, तर पंख फाडावा लागणार, दसरा हातचा जाणार, नोकरीही बहुधा जाणार, आणि गावात वडिलांना खाली मान घालून फिरावं लागणार. पण पाना आत असला, तर हवेत तो घरंगळत पंखातल्या दांड्यांमध्ये अडकायचा. मग विमान वळवू म्हटलं तरी वळणार नाही. आणि उद्या विमानात आप्पासाहेब बसणार होते.

आप्पासाहेब पांढऱ्याशुभ्र सदऱ्यात कुंकवाची वाटी घेऊन पुढं आले, तेव्हा ती म्हणाली, “साहेब, माझा दहा-अकरा सापडत नाय. डाव्या पंखात राहिला असंल.”

बन्सी मिस्त्रीनं पंख खालून हळूहळू ठोकून पाहिला. वाजत तर काय नाय, असंल इथंच कुठंतरी, उगं अपशकुन कशाला, असं तो पुटपुटला. आप्पासाहेबांनी त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

“आत नाही, असं छातीवर हात ठेवून सांगशील, पोरी?”

“नाय सांगता येत.”

आप्पासाहेबांनी कुंकवाची वाटी खाली ठेवली आणि पाटावरचा सुरा उचलला. खंडेनवमीला हत्याराला हात लावत नाहीत, म्हणून बन्सी कळवळला. आप्पासाहेबांनी पाटाला नमस्कार केला आणि चार दिवसांच्या मेहनतीवर सरळ सुरा चालवला. कापड टरकलं. द्वारकाला वाटलं, कुणीतरी आपल्यालाच फाडतंय.

सदऱ्याची बाही वर सारून त्यांनी खांद्यापर्यंत हात आत घातला. बराच वेळ चाचपलं. हात बाहेर आला, तो पाना घेऊनच.

तिनं डोळे मिटून घेतले. वाचला माणूस, एवढं एकच तिच्या मनात आलं. आपलं जे व्हायचं ते होवो. मग तिनं डोळे उघडले. आप्पासाहेब हातातल्या पान्याकडं टक लावून बघत होते. पान्यावरची पट्टी पिवळी होती.

ते सावकाश खुंटीपाशी गेले. खुंटीवर त्यांचा कामाचा निळा कोट लटकत होता. त्याच्या खिशातून त्यांनी दुसरा पाना काढला, लाल पट्टीचा. आपला पाना मिळेना, म्हणून इंजिनाचं काम करताना त्यांनी तिचा फळीवरून उचलला होता, आणि ते साफ विसरून गेले होते. आपला पाना गेला तरी कुठं, हे शोधायचं त्यांना सुचलंही नव्हतं.

त्यांनी दोन्ही पाने पाटावर शेजारी शेजारी ठेवले आणि दोन्हींना कुंकू लावलं. दिल्लीच्या लोकांना निरोप धाडला की, या दसऱ्याला उड्डाण नाही. मग स्वतःची पेटी उचलून आणली, द्वारकासमोर ठेवली आणि झाकण उघडलं.

“इंजिनिअरबाई,” ते म्हणाले, “आजपासून ही पण तुम्हीच मोजायची.”